शिवनेरीवरचं गवत

आमच्या जुन्नरला दिवाळीत दारोदारी मातीचे किल्ले उभे राहतात. आमचा दरवर्षी शिवनेरीच! हिरवळीसाठी मोहरी पेरायची, ही जुनी रीत. इंजिनिअरिंगला आलो आणि हिशोब मांडला. खरा गड पायथ्यापासून सुमारे ३०० मीटर, आमचा ६० सेंटीमीटर. म्हणजे प्रमाण १:५००. मग ५ सेंटीमीटरची मोहरी झाली २५ मीटरची! मावळ्यांचं तर विचारूच नका.

यावर उपाय म्हणजे वखारीतला भुसा. पिठाच्या चाळणीने चाळायचा, हिरव्या रंगात भिजवून वाळवायचा, पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरवायचा. लांबून हुबेहूब गवत!

तरी पायथ्याला मी मोहरीच पेरतो. गुडघे धरून का होईना, आजी रोज सकाळी तांब्या घेऊन किल्ल्यापाशी येते. भुशाला पाणी लागत नाही ना! त्या २५ मीटरला माझ्याकडून पूर्ण मार्क.