दोन पिवळ्या गोळ्या

मैत्रिणींनो, पोटातल्या बाळाची बोटं सुटी कशी होतात, ठाऊक आहे? आधी पंजा वल्ह्यासारखा सपाट असतो. मग बोटांमधल्या पेशी आपणहून मरतात आणि बोटं मोकळी होतात. वाढायचं, आपलं काम करण्याजोगं पक्व व्हायचं आणि वेळ आली की जायचं, हा पेशींचा रिवाजच आहे. एवढीशी गोळी तो रिवाज सांभाळू शकते किंवा मोडू शकते, बरं का!

आमच्याच घरातलं सांगते. सुनेला दुसरा महिना आहे. ती फोलिक ॲसिड घेते. थोरल्या जाऊबाईंना संधिवात. त्यांना आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट घ्यायचं असतं. दोन्ही गोळ्या लहानशा, पिवळ्या. पण गुणाने एकमेकींच्या उलट.

फोलिक ॲसिड हे जीवनसत्त्व. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर ते हवंच. त्याच्या शोधाचं मूळ आपल्या मुंबईत आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली तिथे आल्या. गिरणीकामगार गरोदर बायकांना तेव्हा भयंकर पंडुरोग होई. अशा आजारात रक्ताच्या पेशी फुगतात, पण कच्च्याच राहतात. पुष्कळशा हाडांतल्या मगजातच मरतात. विल्सबाईंनी मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क दिला आणि बायकांना गुण आला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १९४१ साली पालकाच्या पानांतून हेच द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव फोलिक.

पुढे बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशी बेसुमार वाढतात. त्यांचं फोलिकच अडवलं तर? आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं अमिनोप्टेरिन म्हणजे फोलिकचं सोंगच. पेशी फसल्या, वाढ खुंटली. १९४८ साली फार्बर यांनी लिहिलं की १६ मुलांपैकी १० जणांना उतार पडला, तात्पुरता का होईना. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. संधिवातात ते अगदी थोडं देतात.

आता सांगा, ही गोळी सुनेच्या पोटात गेली तर? गर्भ म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशीच! गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग राहू शकतं. आणि आठवड्याची गोळी जाऊबाईंनी रोज घेतली, तर ती त्यांच्याही जिवावर बेतेल. त्यांची बोटं वाकडी झालीत, म्हणून पूर्वी सूनच त्यांना गोळ्या काढून द्यायची. दिवस गेल्याचं कळताच जाऊबाई म्हणाल्या, "पोरी, माझ्या डब्याला आता हातसुद्धा लावायचा नाही." आता तो डबा माझ्या कपाटात असतो आणि त्यावर ठळक 'सोमवार' लिहिलंय.

घरात गरोदर बाई असेल, तर इतरांची औषधं वेगळी ठेवा. दुसरीची गोळी "मलाही लागू पडेल" म्हणून घेऊ नका. बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीतून घडतात, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, पुष्कळदा दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून मूल हवं असं ठरलं की लगेच डॉक्टरांना विचारून फोलिक सुरू करा. साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगतात. आणि पालेभाजी शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. बरंचसं फोलिक त्यातच उतरलेलं असतं. आमटीत घाला!