रहस्यमालेची उतरती कळा: मामांस पत्र

बाळकुम, ठाणे

तीर्थरूप मामांस,

बाळकुमच्या घराच्या माळ्यावरील रहस्यकथांचे गठ्ठे रद्दीत द्यावेत की डोंबिवलीस आपल्याकडे पाठवावेत, हे विचारताना आपण आपल्या पत्रात एक प्रश्न ओझरता लिहिला होता. ज्या मालिकेतली सुरुवातीची पुस्तके या वयातही हातातून खाली ठेववत नाहीत, तिचीच नंतरची पुस्तके दहा पानांत नकोशी का होतात, आणि यात दोष लेखकाचा की वाढत्या वयाचा, असा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर वयात शोधण्याचे कारण नाही. वय हेच कारण असते, तर जुनी पुस्तकेही तितकीच फिकी वाटली असती. पुस्तकेच घसरली होती, आणि ती का घसरली हे पुष्कळ अंशी सांगता येते.

मालिका म्हणजे एकच नायक, तेच साथीदार आणि तीच कार्यपद्धती कायम ठेवून दर वेळी नवा गुन्हा मांडणारी पुस्तकांची रांग. मराठीत ही रांग सर्वांत लांब लावली ती बाबुराव अर्नाळकरांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे मूळ नाव असलेल्या या लेखकाने (1906–1996) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय व छोटू ही नावे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली. हे लेखन पन्नास वर्षांवर सारखे वाटून दिले, तरी वर्षाला वीस, म्हणजे अडीच-तीन आठवड्यांना एक पुस्तक पडते. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. या वेगामागे लेखकांची विलक्षण बैठक होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्याइतकीच, किंबहुना अधिक, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांची मागणी होती, कारण महिन्याची वर्गणी भरलेला सभासद दर खेपेस नवे पुस्तक मागे आणि नायकाचे नाव मुखपृष्ठावर दिसले की आत काय आहे ते न पाहता घेऊन जाई. नायकाच्या नावावर पुस्तक खपू लागले की त्यातले रहस्य पक्के असण्याची व्यावहारिक गरज उरत नाही, आणि मालिकेच्या घसरणीचे मूळ याच ठिकाणी आहे.

ही घसरण प्रत्यक्ष कशी दिसते हे पाहण्यासाठी रहस्यकथेचा एक जुना दंडक ध्यानात घ्यावा लागतो. इंग्रज लेखक व धर्मोपदेशक रोनाल्ड नॉक्स याने 1929 मध्ये या प्रकारच्या लेखनाचे दहा नियम मांडले, आणि त्यांतला पहिला असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकासमोर येऊन गेलेला असावा. सुगावा, म्हणजे गुन्ह्याचा माग देणारी खूण, वाचकालाही तपास करणाऱ्याइतकीच दिसली पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व आहे. चांगल्या रहस्यकथेत खुनी दुसऱ्या प्रकरणातच नायकासमोर बसून चहा घेऊन जातो, आणि पुस्तक संपल्यावर वाचक ते पान पुन्हा उघडून त्याने कप कोणत्या हाताने उचलला होता हे तपासतो. उतरत्या काळातल्या पुस्तकांत खुनी बहुधा अखेरच्या चार पानांत पिस्तूल घेऊन अवतरतो, नायक त्याच्यावर झेप घेतो, आणि उरलेले पान खुलाशाने भरले जाते. मधली पाने पाठलागाने आणि एकेका ओळीच्या संवादांनी व्यापलेली असतात, कारण तशाने पान लवकर भरते. नायकाला इजा होणार नाही हेही वाचकाला ठाऊक असते, कारण त्याचे पुढचे पुस्तक जाहीर झालेले असते.

हा रोग केवळ मराठीचा नव्हे. आर्थर कॉनन डॉयलने कंटाळून 1893 मध्ये शेरलॉक होम्सला मारले, वाचकांच्या व प्रकाशकांच्या आग्रहाखातर 1903 मध्ये परत आणले आणि 1927 पर्यंत लिहीत राहिला. त्या शेवटच्या कथांत पहिली धार नाही, असे होम्सवर प्रेम करणारेच सांगतात. अॅगाथा ख्रिस्तीच्या 1972 सालच्या पुस्तकाची भाषा टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये मोजून पाहिली, तेव्हा पूर्वीच्या तुलनेत शब्दांचे वैविध्य घटलेले आणि ‘काहीतरी’, ‘गोष्ट’ यांसारख्या मोघम शब्दांचे प्रमाण वाढलेले आढळले. वाचकाला नुसती जाणवणारी घसरण अशी मोजताही येते, ही बाब आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

याउलट बंगालीतील शरदिंदु बंद्योपाध्याय यांचे उदाहरण महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. 1932 पासून व्योमकेश बक्षीच्या कथा लिहून काही वर्षांतच ते थांबले, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पटकथा लिहू लागले, सुमारे पंधरा वर्षांनी व्योमकेशकडे परतले, आणि पुण्यात स्थायिक होऊन 1970 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी त्या कथा लिहिल्या. परतलेला व्योमकेश वयाने वाढलेला, संसारी व अधिक जाणता आहे. स्वीडनमधील माय श्योवाल आणि पेर वाले या लेखकजोडीने तर दहाच कादंबऱ्या लिहायच्या असे आधीच ठरवले आणि 1965 ते 1975 या काळात तेवढ्याच लिहिल्या. मराठीत सुहास शिरवळकरांनी (1948–2003) वेगळी वाट काढली. फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन असे निरनिराळ्या स्वभावाचे नायक त्यांनी उभे केले आणि ‘दुनियादारी’सारखी सामाजिक कादंबरीही लिहिली. थांबणे किंवा बदलणे लेखकाला शक्य असते; मात्र त्यासाठी कोणीतरी वेळीच सांगावे लागते.

मराठीत तसे सांगणारे फारसे कोणी नव्हते, आणि सर्वांत दुःखाची गोष्ट हीच आहे. समीक्षेने रहस्यकथेला बहुतांशी दाराबाहेर ठेवले. त्यामुळे अर्नाळकरांचे चांगले पुस्तक कोणते आणि उरकलेले कोणते, हे त्यांच्या हयातीत फारसे कोणी विस्ताराने लिहिले नाही. ज्या पुस्तकांनी गिरणगावापासून ठाण्या-कल्याणपर्यंतच्या मुलांना वाचनाची गोडी लावली, त्यांची एवढी उपेक्षा अन्यायाची होती. या लेखनाची नियमित समीक्षा जर कुणी केली असेल, तर ती वाचनालयाच्या प्रतींच्या समासात पेन्सिलीने शेरे मारणाऱ्या सभासदांनी. ‘फसवले’, ‘आधीचे छान होते’ अशा धर्तीचे ते शेरे ग्रंथपाल खोडरबराने पुसत असत आणि लेखकापर्यंत ते कधी पोहोचत नसत. आपली निराशा त्याच जातीची आहे आणि तिच्याबद्दल संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण ज्याने त्या नायकावर जीव लावला तोच निराश होऊ शकतो.

म्हणून विनंती अशी की गठ्ठे रद्दीत जाऊ देऊ नयेत. ते डोंबिवलीस पोहोचते केले जातील. आपण सवडीने प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घालावी आणि तीत ते का आवडले, किंवा नेमके कोणत्या पानावर मन उडाले, हे लिहावे. नंतर 1893 मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे हा संग्रह चिठ्ठ्यांसह स्वीकारला जाईल का, याची विचारणा करता येईल.

मामींस सा. नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला भाचा