अंजनवेलची वाट आणि अडखळणारी गाडी

वाशिष्ठी नदी चिपळुणाहून पश्चिमेस वाहत येऊन जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तर तीरावर दाभोळ व दक्षिण तीरावर अंजनवेल अशीं दोन गांवें वसलीं आहेत. दाभोळ हें एके काळीं मोठें नांवाजलेलें बंदर होतें. पंधराव्या शतकांत हिंदुस्थान पाहून गेलेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन यानें परतीचें जहाज येथेंच धरलें. या बंदराच्या मुखावर नजर ठेवण्यासाठीं अंजनवेलच्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. अठराव्या शतकांत तुळाजी आंग्रे यांनीं तो घेतला, तेव्हांपासून त्यास गोपाळगड म्हणूं लागले. १८१८ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं गेला. आज जांभ्या दगडाचा तट व भोंवतालचा खंदक पाहावयास मिळतो. किल्ल्यापासून कांहीं अंतरावर टाळकेश्वराचें देऊळ, त्याजवळ दीपगृह, आणि खालीं अथांग पश्चिम सागर! सायंकाळीं तेथें उभें राहिलें असतां बोलणें आपोआप थांबतें.

अंजनवेल हें आमच्या वहिनींचें माहेर. गेल्या माघांत त्यांनीं टाळकेश्वराच्या दर्शनाची इच्छा दर्शविली. वय अठ्ठ्याहत्तर; तेव्हां आगगाडीनें जावें असें सर्वांचें मत पडलें. परंतु त्यांचा एकच हट्ट. "भाऊजी, जायचें तर ह्यांच्याच गाडीनें. पुढच्या वर्षीं ती दारांत असेल कीं नाहीं, कोणास ठाऊक?"

त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आमचे वडील बंधु कैलासवासी झाल्यापासून त्यांची प्रीमियर पद्मिनी बहुतेक उभीच असे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या कंपनीची, मूळ इटालियन फियाटच्या वळणाची, १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची ही गाडी एके काळीं मध्यम वर्गाच्या प्रतिष्ठेचें चिन्ह होती. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सीदेखील २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. आमच्या गाडीस तर एक व्याधीही जडली होती. वेग वाढविण्यासाठीं पाय दाबावा, तों ती क्षणभर श्वास कोंडल्यासारखी अडखळे व मग धांवूं लागे. सपाट रस्त्यावर हा दोष नुसता त्रासदायक; पण घाटांत मागून मालमोटर येत असतां तोच एक क्षण घातक होऊं शकतो. शहरांतील एका कारखान्यांत ठिणगीचे प्लग बदलले, बॅटरीही नवी घातली, परंतु गुण आला नाहीं. अखेर "भंगारांत काढा" असा सल्ला मिळाला, आणि पुतण्यासही तो पटूं लागला होता. "काका, हिच्या भरंवशावर आईला कुंभार्ली घाटांत नेणें बरें नव्हे," असें तो निघेपर्यंत म्हणत होता.

तरी आम्ही निघालों. उंब्रज, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरलों. उतारावर गाडीचें दुखणें झांकून राहतें, म्हणून चिपळुणापर्यंत कांहीं जाणवलें नाहीं. पुढें गुहागरच्या वळणावळणाच्या चढउतारांवर मात्र तिनें पुन्हां आपला स्वभाव दाखविला. परतीस तोच कुंभार्ली चढावयाचा होता. तेव्हां शृंगारतळीस एका वृद्ध मिस्त्र्याच्या दुकानापुढें गाडी उभी केली.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति अशीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्या मिस्त्र्यानें हीं नांवें कधीं ऐकलीं असतील असें वाटत नाहीं. पण त्याची रीति पाहतांना मला क्षणोक्षणीं त्यांचेंच स्मरण होत होतें. त्यानें हत्यारास हात न लावतां प्रथम प्रश्न विचारले. गाडी किती दिवस उभी होती? थंड असतां अडखळते कीं तापल्यावर? एकसारख्या वेगानें चालतां अडखळते, कीं पाय दाबण्याच्या प्रारंभींच? प्रारंभींच, असें ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, मग रोग अर्धा सांपडला."

नंतर त्यानें उपशय पाहिला. इंजिन चालू ठेवून चोकचा दांडा किंचित् ओढला व पाय दाबण्यास सांगितलें. काय आश्चर्य! अडखळणें जवळजवळ नाहींसें झालें. चोकनें हवा कमी होते, मिश्रणांतील पेट्रोलचें प्रमाण वाढतें. त्यानें आराम पडतो, त्या अर्थीं मूळ मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा अधिक. न्यायशास्त्रांतील अन्वय आणि व्यतिरेक ते हेच.

तथापि एवढ्यावर विसंबून तो स्वस्थ बसला नाहीं. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून त्यानें आंतील पॉइंट साफ केले व त्यांतील फट पात्यानें मोजली. ती अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् कमी असावी लागते. कोंकणच्या खाऱ्या, दमट हवेंत या भागांवर लवकर गंज चढतो, हें त्यानें मुद्दाम सांगितलें. मग कार्ब्युरेटरच्या बुडाशीं सांध्यावर साबणाचें पाणी लावलें. सांध्यांतून चोरटी हवा शिरत असती, तर इंजिनाचा आवाज बदलला असता. तो बदलला नाहीं.

शेवटीं इंजिन बंद करून त्यानें हवेच्या गाळणीचें झांकण काढलें व आम्हांस कार्ब्युरेटरच्या गळ्यांत पाहण्यास सांगितलें. पाय दाबतांच हवा तत्काळ आंत धांवते. पेट्रोल जड असल्यामुळें मागें पडतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं कार्ब्युरेटरांत एक लहानसा पंप असतो, आणि तो नेमक्या त्या क्षणीं पेट्रोलची बारीक चिळकांडी उडवितो. मिस्त्र्यानें दांडा ओढला. चिळकांडी कोठली? दुसऱ्या खेपेस दोन थेंब कसेबसे गळले. आतां संप्राप्ति उघड झाली.

पंप खोलून पाहतां त्याचा रबरी पडदा कडक होऊन त्यास केसाएवढी भेग पडली होती, आणि चिळकांडीचें छिद्र चिकट मळानें अर्धें बुजलें होतें. गाडी महिनोन्महिने उभी राहिली कीं पेट्रोल उडून जातें आणि मागें राळेसारखा थर राहतो. त्यांत आतांच्या पेट्रोलची भर. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण शेंकडा वीस झालें. इथेनॉल जुन्या रबरास मानवत नाहीं, हवेंतील ओल शोषून घेतें, आणि त्याच्यांत स्वतःचा प्राणवायु असल्यानें जुन्या कार्ब्युरेटरांतील मिश्रण आणखीच पातळ होतें. हें झालें निदान.

नवा पडदा बसविला. छिद्र पेट्रोलनें धुऊन हवेच्या झोतानें मोकळें केलें. तार घालूं नये, असें तो बजावून म्हणाला. पितळेचें छिद्र तारेनें मोठें झालें कीं मग मिश्रण कधीं जुळत नाहीं. काम चालू असतां त्यानें बॅटरीची तार सोडवून ठेवली होती, व जवळ कोणास विडी ओढूं दिली नाहीं. पडद्याची किंमत म्हणाल, तर दोन माणसांच्या जेवणाएवढीही नव्हती.

अंजनवेलच्या चढावर गाडीनें पाय दाबतांच विनातक्रार उचल घेतली. वाटेंत वीजप्रकल्पाचीं प्रचंड धुराडीं दिसतात. एन्रॉनच्या काळांत १९९९ मध्यें तो सुरू झाला, २००१ मध्यें दराच्या व थकबाकीच्या तंट्यांत बंद पडला. २००५ मध्यें रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन होऊन तो पुन्हां चालता झाला, तर पुढें २०१३ च्या सुमारास वायूच्या टंचाईनें त्याची वीज पुन्हां थांबली. ज्यासाठीं गांवांनीं जमिनी दिल्या, तें अवाढव्य यंत्रही इंधनाचा घोट वेळेवर न मिळाल्यास मुकाट बसतें! पुतण्या हंसून म्हणाला, "काका, याचा पडदा बदलणें आपल्या मिस्त्र्याच्या हातचें नाहीं."

वहिनींनीं टाळकेश्वरापुढें नारळ ठेवला आणि दीपगृहाच्या बाजूस बराच वेळ समुद्राकडे पाहत बसल्या. तिसऱ्या दिवशीं कुंभार्ली आम्ही एकदांही न अडखळतां चढलों.

ज्यांच्या दारीं अशी जुनी गाडी असेल, त्यांनीं आठवड्यांतून एकदां तरी ती चालवावी. फार दिवस उभी ठेवणें असल्यास कार्ब्युरेटरांतील पेट्रोल काढून टाकावें. रबरी नळ्या व पडदे भेगाळण्यापूर्वींच बदलावे. आणि कोणी "भंगारांत काढा" म्हणाला, तर त्यानें आधीं प्रश्न किती विचारले, तें पाहावें. पंधरा वर्षांपुढील गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. आमच्या गाडीची पुढील तपासणी दोन वर्षांनीं आहे. तोंवर तरी ती दारींच राहील, असें पुतण्यानें आपण होऊन आईस सांगितलें आहे.