रोजकीर्द आणि खतावणी

दुपारची वेळ होती. धान्याच्या पेढीवर फारशी गर्दी नव्हती. खेड्यातून आलेले एक जुने गिऱ्हाईक गादीसमोर उभे राहून सांगत होते, की मंगळवारी अठरा हजार रुपये त्यांनी स्वतः बाबूजींच्या हातात दिले. बाबूजी तितक्याच शांतपणे म्हणत होते, की पैसे आलेच नाहीत. वहीत नोंद नव्हती. गिऱ्हाईक खिन्न होऊन निघून गेले. संध्याकाळी बाबूजींच्या बंडीच्या आतल्या खिशात, दोरा गुंडाळलेल्या पुडक्यात, तेवढीच रक्कम सापडली.

पन्नास वर्षांत या पेढीच्या व्यवहारावर कोणी बोट ठेवले नव्हते. पत हेच भांडवल मानणाऱ्या घरात हा प्रसंग साधा नव्हता. त्याच रात्री बाबूजींनी नवकारापासून वंदित्तूपर्यंत सारे प्रतिक्रमण तोंडपाठ म्हटले, एका शब्दालाही ते अडखळले नाहीत. ते ऐकून मोठ्या मुलाचा संयम सुटला. "सूत्रे सगळी आठवतात, आणि घेतलेले पैसे तेवढे आठवत नाहीत?" घरच्या सर्वांसमोर तो बोलून गेला. बाबूजी मान खाली घालून बसले.

प्रश्न रागातून आला होता. पण तो अगदी नेमका होता. त्याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे.

माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनाच्या मानाने तो अवघा दोन टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा खर्च करतो. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. पेशीच्या तंतूतून विजेचा सूक्ष्म संदेश धावतो, टोकाशी रासायनिक द्रव्य स्रवते आणि पुढची पेशी जागी होते. जो मार्ग वारंवार वापरला जातो, त्यावरील सांधे बळकट होतात. शिकणे आणि लक्षात ठेवणे याचा मुख्य पाया हाच.

मात्र सगळ्या आठवणी एकाच कोठारात नसतात, हे जगाला कळले ते अमेरिकेतील हेन्री मोलेसन या रुग्णामुळे. अपस्माराने त्रस्त झालेल्या या तरुणावर १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतल्या अंगाचा भाग काढण्यात आला. त्यात हिप्पोकॅम्पस या समुद्रघोड्याच्या आकाराच्या अवयवाचा बराच अंश गेला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली. पण नवी घटना त्याच्या स्मरणात टिकेना. भेटलेला माणूस काही वेळाने परत आला, तरी तो त्याला नवखाच वाटे. बालपण मात्र आठवत असे.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्यास दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला जाणीवच नव्हती. मन विसरले, हात शिकला. मोलेसन २००८ मध्ये वारला, तोवर अनेक वर्षे शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करीत राहिले.

व्यापारी घराला हे त्याच्याच भाषेत सांगता येईल. हिप्पोकॅम्पस ही मेंदूची रोजकीर्द आहे. दिवसाचा व्यवहार आधी तेथे उतरतो. मग, बराचसा झोपेत, त्यातील टिकाऊ भाग मेंदूच्या बाह्य थरांतील खतावणीत चढतो. बाबूजींच्या बालपणापासून हजारो वेळा म्हटलेली सूत्रे खतावणीत पक्की बसली आहेत; जिभेला आणि ओठांना त्यांचा क्रमच वळणी पडला आहे. मंगळवारचे अठरा हजार मात्र रोजकीर्दीत लिहिलेच गेले नाहीत. अल्झायमर या विकारात प्रथम झीज होते ती बहुधा याच भागाची. म्हणून जुने सारे उजळ आणि कालचे कोरे, हा ढोंगाचा पुरावा नसून रोगाचे लक्षण असते.

जैन परंपरेने मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. वस्तूचा स्पर्श, तिची पृच्छा, तिचा निश्चय आणि मग ती टिकवणे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात हा विचार आहे. ग्रंथ आणि प्रयोगशाळा यांची ओढूनताणून सांगड घालू नये. पण जाणणे आणि धरून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानी घेतले तरी घरातील अर्धा राग शमेल. बाबूजींनी पैसे घेतले तेव्हा ते नीट जाणले होते. धारणा तेवढी झाली नव्हती.

सूनबाईंनी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. शाकाहारी घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हे जीवनसत्त्व धान्य-भाजीतून मिळत नाही, दूध-दह्यातून काही प्रमाणात मिळते. उतारवयात त्याचे शोषणही मंदावते. त्याच्या अभावी चेतातंतूंवरील आवरण झिजते, तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मरणही मंद होते. थायरॉइडच्या विकारानेही विस्मरण होते. ही कारणे उपचाराने पुष्कळदा सुधारतात. म्हणून "वय झाले" असे म्हणून स्वस्थ बसू नये. बाबूजींच्या पायांच्या मुंग्या इंजेक्शनांनी कमी झाल्या. स्मरणात मात्र फारसा फरक पडला नाही. मेंदूच्या चित्रात हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसत होता.

आणखी एक गोष्ट मुलाला अस्वस्थ करून गेली. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना दुःखद चित्रपटांतील प्रसंग दाखवले. काही वेळाने त्यांना प्रसंग आठवेनात. पण उदासी तशीच राहिली. पुढे अल्झायमरच्या रुग्णांतही हेच आढळले. म्हणजे त्या रात्रीचे शब्द बाबूजी विसरले असतील. जखम कदाचित उरली असेल, आणि ती कशाची हे त्यांनाही सांगता येत नसेल.

दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः त्या गिऱ्हाइकाच्या गावी गेला, पावती दिली आणि हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाला. घरी परतल्यावर तेच शब्द त्याने वडिलांपुढे उच्चारले. कशाबद्दल, ते बाबूजींना उमगले नाही. पण त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तिजोरीच्या किल्ल्या आता मुलाकडे आहेत. वसुलीची रक्कम दोघांच्या सहीशिवाय घेतली जात नाही. सकाळचे सामायिक आटोपून बाबूजी नेहमीप्रमाणे गादीवर बसतात. जुन्या गिऱ्हाइकांची, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करतात. दिवसातून चार-पाच वेळा विचारतात, "त्यांचे पैसे आले का?"

मुलगा दर वेळी वही त्यांच्यासमोर धरतो आणि नोंदीवर बोट ठेवून सांगतो, "आले बाबूजी. लिहून ठेवले आहे."