सरीतले मासे



बरेच दिवस नुसतंच वाचतोय, आज म्हटलं आपणही थोडं लिहावं.

२०१५ च्या उन्हाळ्यात आबा (माझे वडील) आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले होते. कृष्णाकाठचा ऊसवाला माणूस, त्यांना मॉलमध्ये काय गोडी असणार? म्हणून एका रविवारी सॅक्रामेंटो नदीच्या काठाने चक्कर मारली. काठावर ठिकठिकाणी जाडजूड पाइप नदीत सोडलेले. आबांनी गाडी थांबवायला लावली. "आरं, हे बी पाणी उचलत्यात की! फुटबॉल कुठं दिसंना ह्यांचा?"

(फुटबॉल म्हणजे फूटव्हॉल्व्ह. आमच्या गावात सगळे असंच म्हणतात.)

मुलगी तेव्हा डेव्हिसला शिकत होती. तिने आजोबांना समजावलं. ह्या नदीच्या आणि सॅन वाकीन नदीच्या खोऱ्यात मिळून असे ३३०० च्या वर उपसे आहेत आणि बहुतेकांना जाळीच नाही. पाण्याबरोबर माशांची पिल्लंही ओढली जातात. त्यात ग्रीन स्टर्जन नावाचा फार जुन्या कुळातला मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. वयात यायलाच त्याला साधारण पंधरा वर्षं लागतात. २००६ पासून इथल्या ग्रीन स्टर्जनला कायद्याने संरक्षण आहे.

"मग जाळी लावा की," आबा म्हणाले. पण जाळी महाग, कचऱ्याने तुंबते, सतत साफ करावी लागते. रेड ब्लफला २०१२ साली मोठं पंपघर झालं, त्याला लांबच लांब जाळी आहे, पण तो सरकारी पैसा. एकट्या शेतकऱ्याने काय करायचं?

मग तिने डेव्हिसच्या संशोधकांचा २०१४ साली छापून आलेला प्रयोग सांगितला. पाच लाख लिटरहून मोठा, वाहत्या पाण्याचा हौद, त्यात दीड फुटी पाइप आणि हातभर लांबीची पिल्लं. साध्या पाइपात शंभरातली ४४ ओढली गेली. लखलखणारे दिवे लावून घाबरवून पाहिलं, काही फरक नाही. पाइपाच्या तोंडाशी तबकडी बसवली तर १३ गेली. आणि पाइपाचं तोंड नुसतं वर वळवलं तर फक्त ३!

मी म्हटलं, वा, किती सोपं! आबा मात्र गप्प. घरी आल्यावर चहा पिताना म्हणाले, "आपन कधी मोजलंच न्हाई रं."

मला लगेच कळलं. लहानपणी आमच्या फुटबॉलची जाळी फाटली की उसाच्या सरीत मासे यायचे. तडफडणारे, काही अर्धे कापलेले. आम्ही पोरं ओरडत गोळा करायचो, आई कालवण करायची. नदीनं दिलं म्हणायचो. फाटलेली जाळी मग महिनोन् महिने तशीच राहायची, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही.

आबांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. उपसा नसता तर ऊस नसता, ऊस नसता तर माझी फी भरली गेली नसती. मी इथे आहे तो त्याच पाइपाच्या पाण्यावर. म्हणूनच काठावरच्या शेतकऱ्याला मासेमारक म्हणणारे बोलू लागले की मला राग येतो, आणि "चार माशांसाठी आमचं पाणी?" म्हणणारेही पटत नाहीत. पाइपाचं तोंड वर करणाऱ्यांनी दोघांचंही ऐकलं, असं मला वाटतं.

२०१९ च्या महापुरात आमची मोटर वाहून गेली. त्याच वर्षी आबाही गेले. भावाने नवीन मोटर बसवली तेव्हा मी फोन केला. फूटव्हॉल्व्ह काही उलटा करता येत नाही, एवढं मलाही कळतं. एवढंच म्हटलं, "जाळी फाटली की लगेच बदल, पैसे मी देतो."

तो हसला. म्हणाला, "दादा, आबांनी तिकडनं आल्यावर पहिलं तेच केलं होतं."

चू.भू.द्या.घ्या.