टीव्हीतले ऑफिस

मुलांनो, तुम्ही टीव्हीवर कधी जीएसटीचा हिशोब पाहिलात का? आमच्या जळगावच्या घरी रोज दिसतो! मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. धुळ्याच्या दुकानदारांकडे बसने जाणे थांबले, त्यांची बिले मोबाईलवर येऊ लागली आणि मी बैठकीतच ऑफिस थाटले. टेबलाखाली कॉम्प्युटर, पडदा म्हणून भिंतीवरचा 32 इंची टीव्ही.

कल्पना नवी नाही बरं का! ब्रिटनमध्ये 1982 साली निघालेला झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटरही घरच्या टीव्हीलाच जोडत.

मोठा पडदा म्हणजे चैन, असे वाटेल. पण आमच्या टीव्हीत आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके. कितीतरी साध्या लॅपटॉपमध्येही तेवढेच! म्हणजे आकडे मोठे दिसतात, जास्त मावत नाहीत. शिवाय पुष्कळ टीव्ही चित्राच्या कडा कापतात. आमच्याकडे बेरजेची ओळच गायब! सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' निवडले तेव्हा ती दिसली.

खरी पंचाईत वेगळीच. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, तर कोणाची किती उधारी ते भिंतीवर वाचतील ना! लोकांनी विश्वासाने दिलेले आकडे ते. म्हणून बेल वाजली की मी आधी रिमोटने चॅनेल लावते, मग दार उघडते.

पण रिमोट असतो सासूबाईंच्या पदराखाली! महिन्याच्या 20 तारखेपर्यंत विवरणपत्र भरायचे, आणि त्यांची मालिका ऐन रंगात. "आते टीव्हीमा बी हिशोबच का?" त्या विचारतात. सात ते आठ पडदा त्यांचा, असे ठरले आहे. तेवढ्यात मी बिले फाईलला लावते.