पाइपात अडलेली नावं

काळ्या पडद्यावर ‘कुरुंदा’, ‘जवळा बाजार’ अशी गावांची नावं स्वच्छ मराठीत छापणारा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामनं बोलावला की मुका होतो, याचा राग मला अजून आहे.

हिंगोलीच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं काम होतं. बिलाचं जुनं सॉफ्टवेअर जावात. शेतकऱ्याच्या नावा-गावासह हळदीचं वजन, हमाली, तोलाई धरून हिशेबाची पट्टी करणारा भाग मी पायथॉनमध्ये लिहिला. जावाच्या प्रोसेसबिल्डरनं पायथॉन चालवायचं आणि ते जे छापेल ते पकडून बिलात घालायचं, एवढंच. हाती आला कोरा कागद. बिघाडाचा संदेशही नाही, कारण पायथॉन तो वेगळ्या वाटेनं, स्टँडर्ड एररवर पाठवतं आणि जावा फक्त आउटपुट वाचत होतं. दोन्ही वाटा एकत्र केल्यावर कळलं: ‘कुरुंदा’तलं एकही अक्षर पायथॉनला लिहिता येत नव्हतं.

विंडोजच्या कन्सोलवर पायथॉन ३.६ पासून युनिकोडमध्ये लिहितं. समोर पडद्याऐवजी दुसऱ्या प्रोग्रामकडे नेणारा पाइप आला की मात्र मशीनचं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, धरतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते १२५२, म्हणजे पश्चिम युरोपचं. मला खुपतं ते इथंच. ग्रीकला १२५३, हिब्रूला १२५५, अरबीला १२५६, थाईला ८७४. मराठी-हिंदीला विंडोजनं असं मशीनसाठी निवडता येणारं स्वतःचं कोडपेज कधी दिलंच नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरी कोट्यवधी लोकांची ही लिपी आजही दर वेळी सांगून मागावी लागते. दुकानातले काका म्हणाले, “नावं इंग्रजीत टाक ना, कशाला डोकं फोडतोस?” मी ऐकलं नाही. पट्टी शेतकऱ्याला वाचायची असते.

पायथॉनचा यूटीएफ-८ मोड, म्हणजे पाइपातही युनिकोड लिहिण्याची सोय, चालू केला, तर जावानं तेच बाइट १२५२ समजून वाचले आणि नावांच्या जागी युरोपी अक्षरांचा खच पडला. जावा १८ नं २०२२ साली यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट केलं. दुकानात जावा ८. वाचणाऱ्या टोकालाही यूटीएफ-८ स्पष्ट सांगितलं, तेव्हा नावं उमटली.

पायथॉन अडून बसलं म्हणून मी चिडलो होतो. आता वाटतं, अडलं तेच बरं. जावा स्वतः छापताना न जमणाऱ्या अक्षरांच्या जागी गुपचूप प्रश्नचिन्हं टाकतं. तशी पट्टी घेऊन गेलेल्या शेतकऱ्यानं मोंढ्यात कुणाच्या नावानं पैसे मागायचे? पायथॉनलाही तसंच करायला लावणारा ‘रिप्लेस’ पर्याय आहे. पैशाच्या हिशेबात तो कुणी वापरू नये.